जपानी छापचित्रे मुळात कुठे लावत आणि कशी वापरत?

प्रश्न असा आहे. आजोबांच्या जुन्या कागदपत्रांत एकोणिसाव्या शतकातील जपानी चित्रकार हिरोशिगे यांच्या तोकाइदो मालिकेतील (तोकाइदो म्हणजे एदो ते क्योतो हा जुना राजमार्ग) एक आडवे छापचित्र सापडले. त्याच्या बरोबर मध्यावर उभी घडी आहे, एका कडेला ओळीने बारीक छिद्रे आहेत आणि पाठीमागे खळीचे पिवळट डाग आहेत. ते काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायचे आहे. त्याआधी, मूळच्या जपानी घरांत अशी चित्रे कशी लावत आणि ही घडी व ही छिद्रे म्हणजे चित्राची हानी समजायची का, हे प्रश्नकर्त्याला जाणून घ्यायचे आहे.

आपल्याकडे घरातले चित्र म्हटले की काच, चौकट आणि भिंतीतला खिळा हे ओघानेच येते, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु एदो काळातील, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळातील, बहुसंख्य छापचित्रे भिंतीसाठी काढलेलीच नव्हती. ती हातात घेऊन पाहण्यासाठी, मित्रांना दाखवण्यासाठी, चिकटवहीत सांभाळण्यासाठी किंवा वापरून संपवण्यासाठी होती. काही प्रकार खरोखर टांगण्या-चिकटवण्यासाठीच छापले जात, पण ते बहुतेक तिथेच काळवंडून, फाटून नष्ट झाले. आज संग्रहालयांत जी चित्रे ताज्या रंगांत दिसतात, ती प्रामुख्याने कधीच न लावलेली चित्रे आहेत. कागदावरील चित्रांच्या जतनाचे काम करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण चित्र कसे वापरले गेले याची साक्ष पुष्कळदा चित्राच्या विषयापेक्षा त्याच्या कडा, घड्या आणि पाठ अधिक स्पष्टपणे देतात.

प्रथम हा माल कोणत्या प्रतीचा होता ते पाहू. छापचित्र हा प्रकाशकाचा उद्योग होता. प्रकाशक भांडवल घाली आणि विषय ठरवी, चित्रकार रेखाटन करी, कोरक्या ते चेरीच्या लाकडात कोरी आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून कागदी तुतीच्या सालीपासून केलेल्या मजबूत कागदावर ते हाताने घासून उतरवी. सर्वांत प्रचलित आकार ओबान हा होता. त्याची लांबी सुमारे ३९ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे २६ सेंटिमीटर असे. किमतीचा अंदाज सरकारी बंधनांवरून येतो. १८४२ साली तेन्पो सुधारणांच्या, म्हणजे उधळपट्टीवरील सरकारी निर्बंधांच्या, वेळी एका पानाची किंमत १६ मोनपेक्षा (मोन हे तेव्हाचे छोटे नाणे) जास्त असू नये आणि सात-आठ ठशांपेक्षा अधिक ठसे वापरू नयेत, असा हुकूम निघाला. त्या काळात रस्त्यावरच्या दुकानात सोबा शेवयांचा एक वाडगा साधारण १६ मोनलाच मिळे. एका साध्या जेवणाच्या किमतीत मिळणारी वस्तू लोक जशी वापरतील तशीच ही चित्रे वापरली गेली: आवडीने, पण फारसा सोवळेपणा न करता.

ही चित्रे खऱ्या अर्थाने टांगून मांडली जात ती दुकानात. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सचित्र पुस्तके आणि सुटी छापचित्रे विकणारी दुकाने होती आणि त्यांची चित्रे त्याच काळातील छापील साहित्यात सापडतात. चित्रकार होकुसाई यांच्या १७९९ च्या ‘अझुमा आसोबी’ या सचित्र पुस्तकात प्रसिद्ध प्रकाशक त्सुताया जूझाबुरो यांचे दुकान दाखवले आहे. चित्रकार कुनिसादा यांनी १८५७ मध्ये काढलेल्या तीन पानी चित्रात उओया एइकिची या प्रकाशकाचे दुकान दिसते आणि त्यात हिरोशिगे यांच्या एदोतील प्रसिद्ध स्थळांच्या मालिकेची जाहिरातही आहे. अशा दुकानांत दर्शनी बाजूला दोऱ्या ताणून त्यांवर नवी चित्रे अडकवलेली असत, खाली गठ्ठे रचलेले असत आणि येणारे-जाणारे उभे राहून ती न्याहाळत. ज्याच्याजवळ पैसे नसत त्यालाही नव्या नटाचा चेहरा किंवा नव्या वेशभूषेची तऱ्हा रस्त्यावरून फुकट पाहायला मिळे. सार्वजनिक प्रदर्शनाला सर्वांत जवळचा असा हाच प्रसंग होता. तिथून चित्र घरी गेले की ते सहसा हातात आणि चटईवर पाहिले जाई.

हातात पाहणे हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण छपाईतील कित्येक करामती केवळ त्याच पद्धतीने कळतात. अठराव्या शतकातील चित्रकार हारुनोबू यांच्या चित्रांत बर्फावर किंवा पांढऱ्या वस्त्रावर रंगच नसतो. तिथे रंग न लावलेला ठसा दाबून कागदाला उठाव दिलेला असतो. चित्रकार शाराकू यांनी १७९४ साली त्सुताया यांच्यासाठी केलेल्या नटांच्या पहिल्या २८ मोठ्या चेहऱ्यांची पार्श्वभूमी अभ्रकाच्या भुकटीने गडद चमकदार केलेली आहे. काही चित्रांत काळ्या वस्त्रावर केवळ घासून चकाकी आणलेली नक्षी असते, जी समोरून पाहिल्यास अजिबात दिसत नाही आणि कागद किंचित कलता धरला की एकदम उमटते. जपानी घरात दिवसा उजेड कागदी सरकत्या पडद्यांतून बाजूने येई, आणि रात्री चटईजवळ ठेवलेल्या कागदी आवरणाच्या तेलदिव्यातून तोही बाजूनेच येई. जमिनीवर बसून, पान हातात थोडे हलवत पाहणाऱ्या माणसाला उठाव, अभ्रक आणि चकाकी ही तिन्ही एकामागून एक भेटत. तेच पान काचेमागे, डोळ्यांच्या उंचीवर, समोरच्या दिव्याखाली लावले की ही सगळी मेहनत सपाट होते. म्हणून संग्रहालयात पाहिलेल्या चित्रापेक्षा अभ्यासिकेत मेजावर पाहिलेले तेच चित्र निराळे वाटते.

पाहून झाल्यावर ही पाने कुठे जात? अनेकांची चिकटवही होई. दोन किंवा तीन पानांचे चित्र असेल तर कडा जुळवून पाने एकमेकांना जोडत, मग ती घडीघडीने उघडणाऱ्या लांब पुस्तकात चिकटवत किंवा एकावर एक रचून कडेला शिवत. वहीच्या मापात बसवण्यासाठी समास छाटणे हा त्यातला नेहमीचा व्यवहार होता. आज संग्राहक पूर्ण समास असलेल्या पानासाठी जास्त पैसे मोजतात, पण मूळ मालकाला समासाचे काही विशेष नव्हते. नाटकाचा शौकीन आपल्या लाडक्या नटाची पाने भूमिकांनुसार लावी, तर प्रवासाची आवड असणारा निसर्गदृश्यांची वही करी. ओसाका येथे तर नाट्यरसिकांची मंडळेच होती आणि तिथली नटचित्रे अशा वह्यांमुळेच इतक्या उत्तम रंगांत टिकली आहेत.

मोठ्या मालिका पुढे पुस्तकासारख्या बांधल्या जातील हे प्रकाशकही गृहीत धरत. ताकेनोउची मागोहाची या प्रकाशकाने १८३३ च्या सुमारास काढायला घेतलेल्या हिरोशिगे यांच्या तोकाइदो मालिकेत ५५ पाने आहेत. ती आधी सुटी निघाली आणि पूर्ण झाल्यावर संच म्हणूनही विकली गेली. एदोच्या स्थळांची मालिका १८५६ पासून निघू लागली. ती संपल्यावर अनुक्रमणिकेचे सजवलेले पान स्वतंत्रपणे छापण्यात आले. भिंतीवर लावायच्या चित्रांना अनुक्रमणिका लागत नाही. ती लागते वहीला. तोकाइदोची आडवी पाने बांधताना मधोमध दुमडली जात. प्रश्नकर्त्याच्या पानावरची उभी घडी याच व्यवहाराची खूण आहे आणि या मालिकेच्या जुन्या प्रतींमध्ये ती इतक्या वेळा आढळते की तिच्याकडे अपघाताची खूण म्हणून पाहणे योग्य नाही.

आता घराच्या आतील भागाकडे वळू. चांगल्या घरात बैठकीच्या खोलीत तोकोनोमा नावाचा उथळ कोनाडा असे आणि चित्रासाठी मानाची जागा तीच होती. तिथे गुंडाळता येणारा लांबट चित्रपट, म्हणजे चित्राचा पट, टांगत, त्याच्यापुढे फुलांची रचना ठेवत आणि ऋतू किंवा पाहुणा बदलला की चित्रपटही बदलत. परंतु ही जागा प्रामुख्याने हाताने रंगवलेल्या चित्रांची आणि सुलेखनाची होती. १६ मोनच्या छापील पानाला तिथे सहसा प्रवेश नव्हता. ज्यांना रंगवलेला चित्रपट परवडत नव्हता त्यांच्यासाठी प्रकाशकांनी त्याची स्वस्त प्रतिकृती काढली. अठराव्या शतकाच्या आरंभी काइगेत्सुदो घराण्याच्या चित्रकारांनी भारदस्त वस्त्रे ल्यालेल्या उभ्या स्त्रियांची जी मोठी, काळ्या रेषेतली पाने केली, ती अशा टांगण्यासाठीच सोयीची होती. पुढे ओबान आकाराची दोन पाने एकाखाली एक जोडून सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचे चित्र करण्याची पद्धत आली. हिरोशिगे यांचे काइ प्रांतातील सारुहाशी म्हणजे माकडपुलाचे चित्र या प्रकारातले आहे. अशा चित्रांना वर-खाली साध्या कागदाच्या पट्ट्या आणि दांड्या लावल्या की सामान्य घरात चित्रपटाची हौस भागे.

खांबांवर लावायच्या चित्रांची गोष्ट आणखी वेगळी आहे. जपानी लाकडी घराचे खांब उघडे असतात आणि त्यांची रुंदी बेताची असते. त्या खांबांवर लावण्यासाठी सुमारे ७० ते ७३ सेंटिमीटर उंच आणि केवळ १२-१३ सेंटिमीटर रुंद अशी हाशिरा-ए नावाची पाने अठराव्या शतकाच्या मध्यापासून निघू लागली. एवढा लांब कागद मिळवण्यासाठी पुष्कळदा दोन तुकडे जोडावे लागत. या अवघड पट्टीत पूर्ण माणूस बसवणे ही चित्रकाराची परीक्षाच होती आणि हारुनोबू, कोर्यूसाई व कियोनागा यांनी ती फार सुंदर रीतीने पार केली: दाराआडून डोकावणारी आकृती, वरच्या मजल्यावरून खाली वाचले जाणारे पत्र, अर्धीच दिसणारी छत्री. आकृती कडेला कापून टाकण्याचा जो धीटपणा पुढे युरोपीय चित्रकारांना मोहवून गेला, त्याच्या मुळाशी खांबाची ही अरुंद रुंदी बऱ्याच अंशी होती, असे माझे मत आहे. या चित्रांच्या नशिबी मात्र स्वयंपाकाचा आणि दिव्यांचा धूर आला. आज जी शिल्लक आहेत त्यांतील बरीचशी तपकिरी पडलेली, सुरकुतलेली आणि झिजलेली आहेत. एखादे खांबचित्र अगदी स्वच्छ दिसले तर ते टांगलेच गेले नसावे किंवा नंतर त्याची जबर साफसफाई झाली असावी, असा पहिला संशय घ्यावा.

भिंती मातीच्या आणि दारे कागदाची असल्यामुळे चिकटवणे हाही मोठा उपयोग होता. घडीच्या पडद्यांवर, सरकत्या दारांवर आणि पेट्यांच्या आतल्या बाजूला छापचित्रे लावलेली असत. पडद्यावर निरनिराळ्या आकारांची छोटी चित्रे विखरून चिकटवण्याची एक लोकप्रिय रीत होती. तिच्यासाठी हिरोशिगे यांच्यासारख्या चित्रकारांनी एकाच पानावर चार-पाच लहान चित्रे काढून दिली. कुठे पंख्याच्या आकारात डोंगर, कुठे गोलात पक्षी, कुठे उभ्या पट्टीत प्रवासी. ती कातरून वेगळी करायची आणि पडद्यावर लावायची, हाच उद्देश होता. आज ही पाने अखंड मिळाली की आपण हरखतो, परंतु अखंड पान म्हणजे ज्या कामासाठी घेतले ते काम राहूनच गेलेले पान.

उन्हाळ्यातल्या गोल पंख्यांचेही तसेच आहे. पंख्याच्या आकारात छापलेले पान कातरून बांबूच्या काड्यांच्या सांगाड्यावर चिकटवत आणि उन्हाळा संपला की पंखा फेकून देत. निहोनबाशी भागातील इबाया सेन्झाबुरो या पंखे-विक्रेत्या प्रकाशकासाठी हिरोशिगे आणि कुनिसादा या दोघांनीही अशी चित्रे केली. हिरोशिगे यांची या प्रकारातील कामे शेकडोंनी आहेत, तरी प्रत्येकाच्या प्रती अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि ज्या आहेत त्यांपैकी बऱ्याच प्रकाशकांच्या नमुना-वह्यांतून बाहेर आलेल्या, म्हणजे कधीच पंख्यावर न चढलेल्या आहेत.

सर्वच चित्रे दुकानात विकली जात नव्हती. जपानच्या जुन्या चांद्रसौर पंचांगात कोणते महिने ३० दिवसांचे आणि कोणते २९ दिवसांचे हे दरवर्षी बदले, आणि पंचांग छापण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता. रसिक मंडळींनी यातून एक खेळ काढला. स्त्रीच्या वस्त्रावरील नक्षीत किंवा कमरपट्ट्याच्या घड्यांत त्या वर्षीच्या लांब-आखूड महिन्यांचे अंक लपवून चित्र छापून घ्यायचे आणि नववर्षाच्या बैठकीत एकमेकांना द्यायचे. १७६५ साली या देवाणघेवाणीला एदोत बहर आला. ओकुबो जिन्शिरो या शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सामुराई चाकराने आणि त्याच्या मित्रांनी खर्चाकडे न पाहता हारुनोबू यांच्याकडून अशी पाने करून घेतली, आणि अनेक ठसे अचूक जुळवून पूर्ण रंगीत छपाई करण्याचे तंत्र त्यातूनच पक्के झाले. प्रकाशकांनी लगेच त्याच ठशांतील अंक काढून टाकून तीच चित्रे बाजारात आणली. रंगीत जपानी छापचित्राचा उगम असा भेटवस्तूच्या देवघेवीत आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सुरिमोनो हा याच परंपरेचा पुढचा टप्पा. विनोदी क्योका कविता करणारी मंडळे नववर्षासाठी आपल्या सदस्यांच्या कविता आणि त्यांना साजेसे चित्र छापून घेत. जाड, मऊ कागद, धातूची भुकटी, खोल उठाव असा सगळा थाट त्यांत असे, कारण पैसे मंडळाचे असत आणि विक्रीचा प्रश्नच नसे. एकोणिसाव्या शतकात २१ बाय १८ सेंटिमीटरच्या आसपासचा जवळजवळ चौकोनी आकार रूढ झाला; होक्केई आणि गाकुतेई यांची उत्कृष्ट कामे त्यातच आहेत. ती तळहातावर धरून आधी कविता वाचायची आणि मग चित्रातला संदर्भ ओळखायचा, असा त्यांचा आस्वाद होता. भिंतीवर लावल्यास त्यातील निम्मा आनंद जातो.

मुलांसाठीची पाने तर केवळ संपवण्यासाठीच होती. कातरून कपडे बदलायच्या कागदी बाहुल्या, तुकडे जोडून उभे करायचे नाट्यदृश्य किंवा देऊळ, प्राण्यांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या ओळी असलेली शिकवणीची पाने, आणि नववर्षात घरभर मिळून खेळायचा सुगोरोकू हा फाशांचा खेळ. सुगोरोकूचा पट अनेक पाने जोडून केलेला असे आणि त्यात तोकाइदोचा प्रवास किंवा नाटकातील भूमिका घरांच्या रूपात मांडलेल्या असत. कातरायच्या उभ्या दृश्यांची पाने खुद्द होकुसाई यांनीही केली आहेत.

याहून गंभीर उपयोगही होते. देवीची साथ आली की आजारी मुलाच्या खोलीत केवळ लाल रंगाच्या छटांत छापलेली चित्रे लावत. त्यांत राक्षसांचा कर्दनकाळ शोकी, धनुर्धर तामेतोमो, दारुमा बाहुली, घुबड अशी रूपे असत, कारण लाल रंगाने देवीचा कोप शमतो अशी श्रद्धा होती. मूल बरे झाले की ते चित्र जाळत किंवा नदीत सोडत. म्हणून ही लाल चित्रे आज फार थोडी आहेत. १८६२ च्या गोवराच्या साथीत तर काय खावे, काय टाळावे याची यादीच चित्रावर छापलेली असे. ११ नोव्हेंबर १८५५ रोजी एदोत मोठा भूकंप झाला. जमिनीखालचा प्रचंड मागूर मासा वळवळला की भूकंप होतो आणि काशिमाचा देव त्याला शिळेने दाबून ठेवतो अशी समजूत होती. त्या माशाची शेकडो निनावी चित्रे पुढच्या काही आठवड्यांत धडाधड निघाली. काही संरक्षक ताईत म्हणून घरात लावायची होती, काहींत भूकंपानंतर कामे मिळून खूश झालेले सुतार आणि गवंडी दाखवले होते, तर काही सरळ बातमीपत्रासारखी वाचली जात. १८५४ साली आठव्या इचिकावा दांजूरो या तरुण नटाने ओसाकात आत्महत्या केली तेव्हा त्याची शंभराहून अधिक निरनिराळी स्मृतिचित्रे निघाली. त्यांत मृत्यूची तिथी आणि मरणोत्तर नाव छापलेले असे, आणि चाहत्यांच्या दृष्टीने ते चित्र शोक करण्याचे साधन होते.

एदोची आठवण म्हणून गावी न्यायला छापचित्र आदर्श होते: हलके, स्वस्त आणि घडी घालून सामानात मावणारे. सरदारांना आळीपाळीने एदोत राहावे लागे, त्यामुळे त्यांचे हजारो चाकर सतत ये-जा करत आणि परतताना ही पूर्वेची रंगीत चित्रे नेत. तोयामाचे फिरते औषधविक्रेते आपल्या गिऱ्हाइकांना छापचित्रे फुकट भेट देत. सुंदर स्त्रियांच्या चित्रांतून वस्त्रांच्या नव्या तऱ्हांची, तर चित्रकार एइसेन यांच्या काही चित्रांतून ‘बिएन सेन्जोको’ या चेहऱ्याच्या पांढऱ्या पावडरीची थेट जाहिरात होई.

मग चौकट आली कुठून? ती युरोप-अमेरिकेतून आली. एदोतील सामान्य घरांत सपाट काचेचे तावदान ही परिचयाची वस्तूच नव्हती. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापारासाठी खुले झाल्यावर छापचित्रे मोठ्या संख्येने बाहेर गेली, आणि तिकडच्या लोकांनी त्यांना आपल्या सवयीप्रमाणे भिंतीवर नेले. व्हॅन गॉग यांनी पॅरिसमध्ये शेकडो पाने घेतली, १८८७ मध्ये एका कॅफेत त्यांचे प्रदर्शन मांडले आणि आपल्या खोलीच्या भिंतींवर ती टाचली. त्यांच्या संग्रहातील कित्येक पानांच्या कोपऱ्यांत टाचण्यांची छिद्रे आहेत. विक्रीच्या सोयीसाठी व्यापाऱ्यांनी असंख्य वह्या सोडवून पाने सुटी केली. जपानी लोकांना किंमत नव्हती म्हणून ते या चित्रांत चिनी मातीची भांडी गुंडाळून पाठवत, ही हकिकत फार सांगितली जाते. ती बरीच नंतर रचली गेली असे अनेक अभ्यासक मानतात, आणि चिकटवह्यांतील काळजीपूर्वक मांडणी पाहिली की ती अन्यायकारकही वाटते. वस्तू स्वस्त असणे आणि तिच्यावर प्रेम नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भिंतीवर नेल्याचा परिणाम रंगांवर झाला. लाल-गुलाबी रंग करडईच्या फुलांचा, म्हणजे आपल्याकडच्या कुसुंब्याचाच, असे; तो उजेडात झपाट्याने उडतो. अठराव्या शतकातील कोवळा निळा रंग केना या वनस्पतीच्या जातकुळीतील एका फुलापासून काढत. तो उजेडानेही जातो आणि पाण्याच्या थेंबानेही. या दोहोंच्या मिश्रणाचा जांभळा रंग काही काळाने मातकट होतो. १८३० च्या आसपास रुळलेला प्रशियन ब्लू आणि काळी शाई मात्र टिकतात, त्यामुळे उडालेल्या चित्रांत निळा-काळा तेवढाच उठून दिसतो आणि जपानी रंगसंगती फार संयत होती असा गैरसमज होतो. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ साली सुमारे ६,५०० पाने दिली, ती कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत या अटीवर. त्या संग्रहातील गुलाबी आणि जांभळे रंग पाहिले म्हणजे ही चित्रे नवी असताना किती भडक आणि उल्हसित होती हे कळते.

आता प्रश्नकर्त्याच्या पानाकडे येतो. मधली घडी, कडेची शिवणीची छिद्रे आणि पाठीवरची खळ या तिन्ही खुणा एकत्र सांगतात की हे पान बांधलेल्या संचातून आलेले असावे. ही शक्यता चांगली आहे, कारण वहीत राहिलेल्या पानाला उजेड कमी लागलेला असतो. कसरीची भोके असतील तर तीही पाहावीत: घडीच्या दोन्ही बाजूंना ती आरशासारखी जुळत असतील, तर पान दुमडलेल्या स्थितीत बराच काळ होते हे निश्चित होते. घडी काढून टाकण्याचा प्रयत्न कोणीही सुचवला तरी करू नये. पान दाबून सपाट केल्याने तंतू मोडतात, छपाईचा उठाव कायमचा जातो आणि चित्राच्या इतिहासाचा पुरावाही पुसला जातो.

लावायचेच असेल तर काही पथ्ये आहेत. पान आम्लरहित पुठ्ठ्यावर जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या खळीने केवळ वरच्या कडेला तोलून धरावे; सेलोटेप किंवा गोंद लावू नये. काच आणि चित्र यांच्यात पुठ्ठ्याच्या खिडकीने अंतर राखावे, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेने कागद काचेला चिकटतो. अतिनील किरण अडवणारी काच घ्यावी, बाहेरच्या भिंतीवर लावू नये आणि उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर जाऊ देऊ नये. संग्रहालये ही चित्रे काही महिने दाखवून नंतर काही वर्षे अंधारात ठेवतात, तेव्हा घरातही दिवाणखान्यात एक चांगली छायाप्रत लावावी आणि मूळ पान सपाट पेटीत ठेवून अधूनमधून बाहेर काढावे, असे मी आग्रहाने सुचवीन. पाहताना हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून, पान दोन्ही हातांनी धरावे आणि खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात थोडे कलते करून पाहावे. आकाशाच्या वरच्या पट्टीत रंग हळूहळू विरत नेलेला असेल तर तो छापणाऱ्याने ठशावर ओल्या कापडाने पुसून साधलेला आहे हे तेव्हा ध्यानात येईल. पाठीवरच्या खळीचे डाग घरी ओल्या बोळ्याने पुसू नयेत. ते काम कागदाच्या संवर्धकाकडूनच करून घ्यावे, कारण कोणता रंग पाण्यात सुटेल याची चाचणी त्याला आधी रंगागणिक घ्यावी लागते.